मोटारीचें मेण : घरच्या घरीं एक कसोटी

मोटारीला मेण लावावें कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां चैनीचा वाटतो. ज्याच्या दारांत मोटार नाहीं त्याला त्याशीं कर्तव्य नाहीं, आणि ज्याच्या दारांत ती आहे तो बहुधा दुकानदाराच्या शब्दावर विसंबून एखादी डबी घरीं आणतो. परंतु पांढरपेशा कुटुंबांत घराखालोखाल मोठा खर्च होतो तो मोटारीवर. आणि तिच्या रंगाचें ऊन, पाऊस व धुरळा ह्यांपासून रक्षण करणारें कवच केसापेक्षांहि पातळ असतें. तें एकदां झिजलें म्हणजे कोणत्याहि डबींतून परत मिळत नाहीं. म्हणून मेण काय करतें, काय करीत नाहीं, आणि त्याची पारख घरच्या घरीं कशी करावी, हें आज श्रोत्यांपुढें मांडावयाचें आहे.

आधीं त्या कवचाची ओळख करून घेऊं. मोटारींच्या आरंभकाळीं त्यांना घोड्याच्या गाडीप्रमाणेंच तेलाचें रोगण देत असत, आणि तें पुरतें वाळण्यास कित्येक आठवडे लागत. १९२३ च्या सुमारास अमेरिकेंत नायट्रोसेल्युलोजपासून केलेलें, झटपट वाळणारें रोगण प्रचारांत आलें. त्यानें कारखानदारांचा वेळ वांचला. पण उन्हानें तें लवकर निस्तेज होई. मग तें घासून उजळावयाचें आणि वर मेण चढवावयाचें, हा मोटार बाळगणाऱ्यांचा नित्यक्रम होऊन बसला. आजच्या बहुतेक मोटारींची घडण निराळी आहे. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण, असे थर त्यांवर असतात. ह्या पारदर्शक थराची जाडी सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे फार तर मिलिमीटरचा विसावा हिस्सा. उन्हांतील अतिनील किरण शोषून घेणारीं द्रव्यें ह्याच थरांत मिसळलेलीं असतात. मेणाचा लेप ह्या थरापुढें अगदींच झिरझिरीत. त्यावर उन्हाच्या ढालीचा भार टाकतां येत नाहीं.

बाजारांत ‘वॅक्स’ आणि ‘पॉलिश’ हे शब्द एकमेकांच्या जागीं सर्रास वापरले जातात. त्यांतील भेद ध्यानांत ठेवणें अगत्याचें आहे. पॉलिशांत अतिशय बारीक खरखरीत कण असतात. तें रोगणाचा किंचित् अंश खरवडून काढतें, म्हणून ओरखडे नाहींसे होतात. मेण कांहीं काढून घेत नाहीं, तें पृष्ठभागावर बसतें. ज्या डबीवर ‘ओरखडे घालविणारें मेण’ असें लिहिलेलें असेल तींत एकतर खरखरीत कण असतात, नाहींतर ओरखडे तात्पुरते बुजविणारें भरण असतें. पहिल्या प्रकारची डबी दर महिन्यास वापरणें म्हणजे मुदलांतून खर्च करीत राहणें होय.

मेणांपैकीं ज्याचा बोलबाला विशेष, तें कारनौबा ईशान्य ब्राझीलमधील एका ताडवर्गी झाडाच्या पानांवरून मिळतें. कोरड्या हवेंत पानांतील ओलावा उडून जाऊं नये म्हणून तें झाड आपल्या पानांवर हा लेप चढवितें. मधमाशांचें मेण सुमारें ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतें. कारनौबा ८० अंशांच्या वर गेल्याशिवाय वितळत नाहीं. विदर्भांतील वैशाखांत हा फरक कामाचा आहे. हवा ४० अंशांच्या वर गेली असतां उन्हांत उभ्या असलेल्या काळ्या मोटारीचा पत्रा ७० अंशांच्या घरांत जाऊं शकतो. शुद्ध कारनौबा कठीण व ठिसूळ असल्यामुळें तें मऊ मेणांत आणि उडून जाणाऱ्या द्रावकांत कालवून डबींत भरतात. हे द्रावक बहुधा ज्वालाग्राही असतात, म्हणून डबी चुलीपासून आणि मुलांच्या हातापासून दूर ठेवावी.

आतां कसोटीच्या स्थळाकडे वळूं. बुलढाणा जिल्ह्यांत, मोताळा तालुक्यांत, धामणगाव बढे हें गांव आहे. शहरांत राहणारीं कित्येक कुटुंबें सणावारीं मोटारीनें अशाच गांवीं जातात. राजूरचा घाट उतरून मोताळ्याकडे येणाऱ्या मोटारीला ह्या भागांत दोन गोष्टी हटकून भेटतात : कपाशीच्या काळ्या जमिनीची माती आणि रस्त्यावरील गिट्टीचा चुरा. दोन्ही दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या. त्या पाषाणांतील फेल्स्पार नांवाच्या खनिजाची कठिणता मोहच्या मोजपट्टीवर ६ च्या आसपास, म्हणजे साध्या चाकूच्या पात्याहून अंमळ अधिकच भरते. मोटारीचें रोगण त्यापुढें लोण्यासारखें. तेव्हां सकाळीं उठून कोरड्या फडक्यानें गाडी खसाखसा पुसण्याची जी आपल्याकडील सार्वत्रिक चाल आहे, ती रोगण रोज थोडेंथोडें घासण्याचीच चाल आहे. उन्हांत बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या ज्या बारीक गोल रेषा चमकतात, त्या तिचेंच फळ. रॉकेलचा बोळा फिरविल्यानें येणारी तकाकीहि फसवी असते. तेलकट पृष्ठभागावर धुरळा अधिकच बसतो, आणि आधींचें मेण असेल तर तें विरघळून जातें.

म्हणून कसोटीचा आरंभ धुण्यापासून करावा. मोटार सावलींत उभी करून पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावें. आधीं नुसतें पाणी सोडून माती भिजवून वाहून जाऊं द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीसाठीं मिळणाऱ्या सौम्य साबणाचें पाणी, दुसरींत निव्वळ पाणी. फडकें दर वेळीं निव्वळ पाण्यांत खळबळून मगच साबणाच्या पाण्यांत बुडवावें. टपापासून खालीं यावें. चाकें शेवटीं आणि निराळ्या फडक्यानें. भांड्यांचा साबण टाळावा, कारण तो मेणाचा लेप लवकर उतरवितो. पाणी टिपून घेण्यासहि उशीर करूं नये. जिल्ह्याच्या उत्तरेस, पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत तर विहिरीचें पाणी इतकें क्षारयुक्त कीं, वाळलेला प्रत्येक थेंब आपल्यामागें पांढरें वर्तुळ ठेवून जातो.

आतां बॉनेटच्या मधोमध कागदी चिकटपट्टी लावून त्याचे दोन भाग करावे. डाव्या भागावर मेणाचा अगदीं पातळ हात द्यावा. जाड लेपानें कांहीं अधिक साधत नाहीं, उलट पुसण्याचे श्रम तेवढे वाढतात. काळ्या प्लास्टिकच्या भागांवर मेण जाऊं देऊं नये, तेथें पांढरट डाग राहतात. लेप धुरकट झाल्यावर त्यावर बोटानें एक रेघ ओढून पाहावी. रेघ स्वच्छ उमटली तर तो पुसण्यास तयार झाला असें समजावें. आणि येथेंच बहुतेकांच्या ध्यानांत न येणारी गोष्ट आहे. उजव्या भागावरहि तितकाच वेळ, तसेंच मऊ कोरें फडकें फिरविलें पाहिजे. नुसत्या पुसण्यानेंहि कांहीं चमक येतेच. ती मेणाच्या खात्यावर जमा होतां कामा नये. दोन्ही भाग सारखे पुसले गेले तरच राहिलेला फरक मेणाचा म्हणतां येईल. मग पट्टी काढावी आणि वहींत तारीख लिहावी.

पहिल्या दिवशींच्या झळाळीवरून निकाल देऊं नये. दर आठवड्यास मोटार वर सांगितल्याप्रमाणें धुऊन दोन्ही भागांवर तांब्याभर पाणी ओतावें. मेणाला पाण्याची ओढ नसते. त्यामुळें तेथें पाणी स्वतःच्याच ओढीनें आकसून गोल थेंब धरतें आणि निसटतें. उघड्या भागावर तें पसरून राहतें. थेंब चपटे दिसूं लागले तर मेण गेलें असें लगेच मानूं नये. धुरळ्याचा पापुद्राहि तोच परिणाम करतो. पुन्हां धुऊन पाहावें. पक्ष्यांची विष्ठा कोणत्या भागावरून लवकर सुटते, कोणता भाग कमी श्रमांत स्वच्छ होतो, हेंहि टिपून ठेवावें. शक्य तर कोणत्या भागाला मेण लावलें आहे हें ठाऊक नसलेल्या घरांतील माणसास निवाडा करावयास सांगावें. पैसे मोजणाऱ्याची दृष्टि बहुधा आपल्या डबीकडे झुकते.

ह्या कसोटीस दसऱ्याइतका चांगला मुहूर्त नाहीं. पाऊस ओसरलेला असतो आणि वाहनपूजेकरितां मोटार धुतली जाणारच असते. बॉनेटवर हळदकुंकवाचीं बोटें उमटवावयाचीं असतील तर तीं दोन्ही भागांवर सारखीं उमटवावीं आणि त्याच संध्याकाळीं ओल्या फडक्यानें टिपून काढावीं. हळदीचा पिवळेपणा पाण्यांत फारसा विरघळत नाहीं. कोणत्या भागावरून तो आधीं सुटला हें वहींत लिहिण्याजोगें आहे. पुढें कापसाच्या वेचणीचे धुळीचे दिवस येतात, थंडी येते, होळी येते. ज्या आठवड्यास दोन्ही भाग सारखेच वागूं लागतील, तो मेणाच्या आयुष्याचा शेवट. आपली मोटार, आपलें ऊन आणि आपलें पाणी ह्यांपुरतें हें उत्तर डबीवरील कोणत्याहि आश्वासनाहून अधिक खरें.

उत्तर कांहींहि येवो, मेणाच्या मर्यादा ठरलेल्या आहेत. तें मोटार धुणें सोपें करतें आणि विष्ठा किंवा चिकटलेले किडे रोगणांत मुरण्यापूर्वीं काढून टाकण्यास थोडी सवड देतें. गिट्टीचा खडा तें अडवीत नाहीं. ज्या मोटारीचा पारदर्शक थर पोपडे धरून उडाला आहे, तिला तें पुन्हां सावरीत नाहीं. तेथें रंगाऱ्याकडेच गेलें पाहिजे. जुन्या धाटणीच्या, पारदर्शक थर नसलेल्या मोटारीला पॉलिश करतांना फडक्यावर गाडीचा रंग आला, तर मळ निघाला म्हणून संतोष मानूं नये. तो रंगच उतरत असतो.

ह्या सर्वांचा हिशेब असा. मेण लावणें हा गृहस्थाच्या हौसेचा व थोड्या सोयीचा भाग आहे. हौस असेल त्यानें तें अवश्य लावावें, पण अर्ध्या बॉनेटवर पारखून घेऊन. कोरडें फडकें बंद करणें मात्र सर्वांनाच साधण्यासारखें आहे, आणि त्यास जवळजवळ कांहींच खर्च नाहीं. दोन बादल्या, एक मऊ फडकें आणि आठवड्यांतून अर्धा तास, एवढ्यावर तें केसाहून पातळ कवच पुष्कळ वर्षें टिकतें.