कातळावरची भूक आणि तहान

सप्टेंबरात फुलांनी भरलेलं कास पठार पाहिलं की इथली जमीन सुपीक असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात साताऱ्याच्या पश्चिमेला, सुमारे १,२०० मीटर उंचीवरच्या या जांभ्या कातळावर मातीचा थर जेमतेम काही इंचांचा. कित्येक ठिकाणी तेवढाही नाही. त्यामुळे मोठ्या झाडांची मुळं इथं रुजत नाहीत. पावसाळ्यात हा सडा, म्हणजे कातळाचं उघडं पठार, चिंब होतो, पण धो धो वाहणारं पाणी मातीतलं नत्रही घेऊन जातं. पाऊस सरला की तोच कातळ तव्यासारखा तापतो.

म्हणजे चार महिने पाणी आहे पण पोषण नाही. उरलेले आठ महिने पाणीही नाही.

नत्राची उणीव दवबिंदू, म्हणजे ड्रोसेरा, किडे खाऊन भरून काढतो. त्याच्या पानांवरच्या लालसर केसांच्या टोकाशी चिकट थेंब असतात. त्यावर टेकलेलं चिलट जितकं धडपडतं तितकं जास्त गुंततं. मग पाचक रस पाझरतात आणि किड्यातलं नत्र पान शोषून घेतं. चार्ल्स डार्विनने ड्रोसेराच्या युरोपीय भाईबंदावर वर्षानुवर्षं प्रयोग केले आणि १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिलं. नत्र असलेल्या पदार्थांना पान ठळक प्रतिसाद देतं, हे त्याने दाखवून दिलं.

‘सीतेची आसवं’ या नाजूक निळ्या-जांभळ्या फुलांचं रोप तर याहून चकित करणारं. त्याला खरी मुळंच नसतात. ओल्या मातीत दडलेल्या त्याच्या चिमुकल्या पिशव्या आतलं पाणी बाहेर टाकून ताण साठवतात. सूक्ष्म जीवाचा धक्का लागताच दार उघडतं आणि पाण्यासकट तो जीव आत ओढला जातो.

पण ही सोय फुकट मिळत नाही. चिकट द्रव, पाचक रस, सापळे यांवर रोपाची कमाई खर्च होते आणि सापळा झालेलं पान साध्या पानाइतकं अन्न तयार करू शकत नाही. हा खर्च परवडतो तो भरपूर ऊन, भरपूर ओल आणि निकस माती असेल तिथेच. स्वीडनमधल्या दलदलींत प्रदूषणामुळे पावसातून जास्त नत्र पडू लागलं, तेव्हा तिथला ड्रोसेरा किड्यांवर कमी विसंबू लागल्याचं अभ्यासकांना आढळलं.

तहानेवरचे उपाय निरनिराळे. वायतुरा पाऊस संपताच वरचा सगळा पसारा सोडून जमिनीखालच्या कंदात जिवंत राहतो. ट्रायपोगॉन गवत मात्र जागच्या जागी वाळतं. एरवी एवढं पाणी गेलं की वनस्पतीच्या पेशी कायमच्या फाटतात. इथं साखर आणि खास प्रथिनं पेशींचे पडदे सांभाळतात. पहिल्या सरी आल्या की मेलेलं वाटणारं गवत हिरवं होतं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी पश्चिम घाटात असं वाळून पुन्हा जगणाऱ्या ६२ वनस्पती नोंदवल्या. त्याआधी भारतातून अशा मोजक्याच ठाऊक होत्या.

कास २०१२ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. बाकीच्या बहुतेक सड्यांच्या वाट्याला हे भाग्य आलेलं नाही. कोकणात अनेक ठिकाणी जांभा फोडून, बाहेरची माती भरून आंबा-काजूच्या बागा उभ्या राहतात. बागायतदाराच्या दृष्टीने ती जमिनीची सुधारणाच असते. पण त्या खोल, खतावलेल्या मातीत उंच गवत आणि तण भराभर वाढतं, आणि त्याच्या सावलीत बोटभर उंचीच्या दवबिंदूला ऊनच मिळत नाही.