पद्मिनीला डिस्क ब्रेक हवेतच का?

जुनी फियाट किंवा पद्मिनी शेडमधून बाहेर काढली, की पहिला खर्च रंगावर होतो, दुसरा क्रोमवर आणि तिसरा सीटवर. ब्रेकची आठवण येते ती गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आल्यावर. पेडल खोल जातं, गाडी एका बाजूला ओढते आणि गॅरेजमध्ये लगेच सल्ला मिळतो : ‘चारही चाकांना ड्रम आहेत हो, थांबणार कशी? पुढे मारुतीची डिस्क टाका.’

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या याच गाड्या काळ्या-पिवळ्या रंगात मुंबईच्या गर्दीत कित्येक दशकं धावल्या आणि वेळेवर थांबल्याही. ऑक्टोबर 2023 मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, ती वयोमर्यादेमुळे. ड्रम ब्रेक मुळातच कमजोर, हा पहिला गैरसमज आहे. ड्रममधला पुढचा शू फिरत्या ड्रमला टेकला की ड्रमच त्याला आणखी आत ओढून घेतो, त्यामुळे पायाला कमी जोर लागतो. डिस्कला ही फुकटची मदत नसते. म्हणून इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालणाऱ्या बूस्टरशिवाय डिस्क बसवली, तर पेडल आधीपेक्षा जड लागतं आणि हजारो रुपये घालवलेला मालक चक्रावून जातो.

गाडी किती अंतरात थांबेल, हे शेवटी टायर ठरवतो. ब्रेक चाक जॅम करू शकत असतील, तर त्यापुढची पकड रबर आणि डांबर यांच्यातली. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरला ब्रेक लागल्यापासून साधारण 20 मीटर लागतात आणि 80 ला साधारण 36. वेग एक तृतीयांशानं वाढला, पण अंतर पावणेदोन पटींच्या पुढे गेलं. दहा वर्षांचे कडक झालेले टायर तसेच ठेवून डिस्क बसवणं म्हणजे चप्पल घसरते म्हणून गुडघ्यावर उपचार करणं.

मग डिस्कचा फायदा काय? उष्णता. खंबाटकी किंवा कसारा घाट उतरताना पुन्हा पुन्हा ब्रेक लावला, की ड्रम तापून फुगतो, शूपासून लांब सरकतो, लायनरची पकडही उतरते आणि पेडल खाली जाऊ लागतं. डिस्क उघड्यावर असल्यानं लवकर थंड होते. तापून फुगलीच, तर पॅडच्या दिशेनं फुगते. 1953 च्या ल मां शर्यतीत डनलॉपच्या डिस्क लावलेली जग्वार सी-टाइप जिंकली, त्यात याचा मोठा वाटा होता. एकदा जोरात थांबणं ड्रमलाही जमत होतं. ताशी 200 च्या पुढून दर फेरीला, चोवीस तास थांबत राहणं जमत नव्हतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गेल्यावरही डिस्क लवकर कोरडी होते. पण रविवारी सकाळी दादरहून वरळीला जाऊन येणाऱ्या गाडीला यातलं किती लागतं, हे मालकानंच ठरवावं.

‘ब्रेक लागत नाहीत, म्हणजे रचना जुनाट’ हे तर बहुतेक वेळा चुकीचंच निघतं. पेडलच बरंच काही सांगतं. पहिल्यांदा खोल गेलं, पण लगेच दुसरा पंप मारल्यावर वर येऊन घट्ट लागलं, तर शू आणि ड्रममधलं अंतर वाढलंय. या जुन्या ड्रमचं अंतर हातानंच जुळवावं लागतं. चाक जॅकवर घेऊन, हातानं फिरवून, लायनर किंचित घासेपर्यंत टाइट करायचं आणि मग चाक मोकळं फिरेल इतकंच सैल सोडायचं. पेडल स्पंजसारखं लागलं, तर लाइनमध्ये हवा आहे. पाय दाबून धरल्यावर ते हळूहळू खाली सरकलं, तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहेत. ब्रेक सोडल्यावरही एक चाक अडकून राहत असेल, तर रबरी होज पाइप तपासा. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून सुजतो. दाबाखाली ऑइल पुढे जातं, पण सहज परत येत नाही. या दोनचार गोष्टी नीट केल्यावर डिस्कचा विषय पुष्कळ गाड्यांत मिटतो.

ड्रम लेथवर टर्न करून नवे लायनर लावले की झालं, असंही नाही. ड्रमचा व्यास वाढतो, लायनरची गोलाई जुनीच राहते आणि सुरुवातीला लायनर फक्त मधोमध टेकतो. तो ड्रमच्या गोलाईला घासून जुळवावा लागतो. टर्निंगलाही मर्यादा असते. ती ओलांडलेला ड्रम तापल्यावर तडकू शकतो. आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे, तेव्हा ड्रम उघडून कॉम्प्रेसरची हवा मारण्याची गॅरेजमधली सवय सोडून ओल्या फडक्यानं पुसा.

माझ्या मते पैसे घालायचेच असतील, तर आधी मास्टर सिलिंडरवर घाला. साठच्या दशकातल्या बहुतेक गाड्यांत चारही चाकांना मिळून एकच हायड्रॉलिक लाइन असायची. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले, उरला हँडब्रेक. अमेरिकेनं 1968 पासून नव्या मोटारींना दोन स्वतंत्र सर्किट सक्तीची केली, ती यासाठीच. टँडेम मास्टर सिलिंडर बसवला, तर एक सर्किट गेलं तरी दुसरं गाडी थांबवतं. बाहेरून काही दिसत नाही, फोटोत येत नाही, म्हणून याची चर्चा होत नाही.

आता डिस्क. ‘नट-बोल्टचं काम आहे, दुपारपर्यंत होतं’ असं म्हणणाऱ्यापासून जपून. कॅलिपरला व्हील सिलिंडरपेक्षा जास्त ऑइल लागतं, म्हणून मास्टर सिलिंडरचं माप बदलावं लागतं. ड्रमसाठीच्या जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये बहुधा लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारा व्हॉल्व्ह असतो; तो डिस्कच्या लाइनवर राहिला, तर पॅड सतत घासत राहतात. जुन्या रिमच्या आत कॅलिपर मावतो का, हेही आधी मोजायचं. कॅलिपरचं ब्रॅकेट स्टब ॲक्सलला वेल्डिंग करून चिकटवणारा कारागीर भेटला, तर गाडी घेऊन परत या.

मागेही डिस्क लावली की दुप्पट सुरक्षित, हा त्यातला सर्वांत घातक समज. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे जातो, मागची चाकं हलकी होतात. तिथे जास्त ब्रेक लागला, तर ती आधी जॅम होतात आणि गाडी गरकन फिरते. शिवाय हँडब्रेकसाठी वेगळी यंत्रणा शोधावी लागते. मागचे ड्रम राहू द्यावेत.

बूस्टरनं गाडी लवकर थांबत नाही, पायाचे कष्ट कमी होतात. इंजिन बंद पडलं, की साठलेला व्हॅक्यूम दोनतीनदा ब्रेक लावण्यात संपतो.

ब्रेक ऑइलमध्ये आकडा मोठा म्हणजे माल चांगला, असंही नाही. डॉट 3, डॉट 4 आणि डॉट 5.1 एका कुळातले, हवेतली ओल शोषणारे. कोरड्या डॉट 4 चा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस, ओल शिरल्यावर 155 पर्यंत उतरतो. म्हणून ते दर दोन वर्षांनी बदलायचं. डॉट 5 मात्र सिलिकॉनचं. ते रंग खात नाही म्हणून हौशी लोकांना आवडतं, पण बाकीच्यांत मिसळत नाही. जुन्या ऑइलवर ते ओतू नये.

कागदपत्रांचंही बघून घ्या. जुलै 2021 च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांपुढच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा व्हिंटेज क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी आणि इंजिनातल्या बदलांचा नियमात थेट उल्लेख आहे. ब्रेकचं नाव तिथे नसलं, तरी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेतल्या बदलांवर बंधन घालतंच. काम सुरू करण्याआधी आरटीओत विचारा, आणि उतरवलेले ड्रम, शू, बॅकप्लेट भंगारात न देता ग्रीस लावून ठेवा.