ईशापूरची मस्कट, सरेमधलं कपाट

आजोबांनी पोलिसात असताना खांद्यावर वाहिलेली बंदूक आज इंग्लंडमधला एक मराठी आयटीवाला रीतसर लायसन्सवर बाळगतोय. शौक म्हणून. पण तिथे हा शौक स्वस्त नाही, आणि मी पैशांबद्दल बोलत नाहीये!

‘‘वहिनी, चावी कुठे असते?’’

‘‘मला माहीत नाही. आणि माहीत असायलाही नको. नाहीतर तुझ्या दादाचं लायसन्स जायचं!’’

लंडनपासून तासाभरावरचं सरे परगण्यातलं टुमदार घर. किचनमध्ये फोडणीचे पोहे, हॉलमध्ये टीव्ही. आणि वरच्या मजल्यावर भिंतीला बोल्टने ठोकलेलं एक स्टीलचं कपाट. पोलिसांनी घरी येऊन तपासलेलं. त्याची चावी कुठे असते हे घरात फक्त एकाच माणसाला ठाऊक. तो म्हणजे माझा आतेभाऊ, अख्ख्या खानदानाचा ‘दादा’. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर, वीकएंडला बंदूक.

मी बंदुकांची फॅन वगैरे अजिबात नाही. पण दादाने मला खाली थांबवून, एकट्याने वर जाऊन ती आणली आणि माझ्यासमोर धरली, तेव्हा मी चक्क गप्प झाले. धातूच्या पट्टीवर कोरलं होतं, ‘आर.एफ.आय.’ आणि खाली ‘१९४९’. रायफल फॅक्टरी, ईशापूर. म्हणजे आपलं पश्चिम बंगाल!

थ्री नॉट थ्री, पण नाही

दिसायला ही हिंदी सिनेमातल्या हवालदाराकडे असते तीच थ्री नॉट थ्री. ली-एनफिल्ड. १९०७ साली आलेलं तिचं मार्क थ्री मॉडेल दोन्ही महायुद्धांत लढलं. पण दादाच्या बंदुकीत गंमत आहे. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात, त्याने गोळी गिरकी घेत लांबवर नेमकी जाते. हिची नळी मात्र आतून गुळगुळीत. कॅलिबर .४१०. मॅगझिनची जागा ठोकळा बसवून बंद. एका वेळी एकच काडतूस. पोलिसांसाठी ईशापूरमध्ये मुद्दाम असं रूपांतर व्हायचं. हीच ती ‘मस्कट’.

कल्पना तशी जुनीच. १८५७ च्या उठावात एनफिल्डच्या काडतुसांनी काय केलं ते आपण शाळेतच शिकलो. त्यानंतर इंग्रजांनी देशी शिपायांच्या हाती खाचा नसलेल्या एनफिल्ड दिल्या. पूर्ण ताकदीचं हत्यार नको, हा हिशेब. तो पुढे पोलिसांपर्यंत आला आणि स्वातंत्र्यानंतरही टिकला.

आमचे आजोबा सातारा जिल्ह्यात हवालदार होते. त्यांचा एकच युनिफॉर्ममधला फोटो आहे. खांद्यावर मस्कट. दादाने तो कपाटाशेजारीच लावलाय.

२४ इंचांचा खेळ

‘‘पण इंग्लंडमध्ये बंदूक मिळते कशी?’’ हा माझा पहिला प्रश्न. कारण तिथले कायदे जगातल्या सगळ्यात कडक कायद्यांपैकी. प्रत्येक कलमामागे एक शोकांतिका आहे. ऑगस्ट १९८७ मध्ये हंगरफर्ड गावात एकाने १६ जणांना मारलं. १९८८ मध्ये मोठ्या काडतुसांच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर बंदी आली. मार्च १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत १६ मुलं आणि त्यांच्या बाई गेल्या. १९९७ मध्ये पिस्तुलं जवळपास संपली.

मग जुन्या मिलिटरी रायफलींचं काय? दादा बोटं मोजत समजावतो. साधी बोल्टवाली थ्री नॉट थ्री हवी, तर फायरआर्म सर्टिफिकेट. त्यासाठी ‘योग्य कारण’ दाखवायचं, बहुतेकदा मान्यताप्राप्त क्लबचं सभासदत्व. प्रत्येक बंदूक आणि किती काडतुसं ठेवायची तो आकडासुद्धा कागदावर. सेल्फ-लोडिंग रायफल, म्हणजे आपल्या जवानांची एसएलआर? ती बदलून घेतली तरी चालत नाही. एकदा बंदीत गेलेलं हत्यार काटछाट करून बंदीतून बाहेर येत नाही, असा नियमच आहे. म्हणून तिथे तशा दिसणाऱ्या, दर वेळी हाताने बोल्ट ओढाव्या लागणाऱ्या रायफली मुळातच नव्या बनवाव्या लागतात.

आणि मस्कट? तिची नळी गुळगुळीत, लांबी २४ इंचांपेक्षा जास्त, मॅगझिन नाही. म्हणून कायद्याच्या नजरेत ती शॉटगन! मूळ रायफलची नळी २४ इंचांहून आखूड असती, तर गुळगुळीत करूनही ती रायफलच्याच कडक यादीत राहिली असती. ली-एनफिल्डची नळी २५ इंचांच्या जरा वर. त्या एका इंचाने दादाचं काम झालं. वर लंडन किंवा बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचा शिक्का हवा. तिथे जादा दाबाचं काडतूस उडवून नळी तपासतात.

गंमत म्हणजे भारतात सामान्य माणसाला .३०३ मिळत नाही. ते प्रतिबंधित बोअर. म्हणून आपल्याकडे लायसन्सवाल्यांकडे .३१५ दिसते.

धाड!

रविवारी आम्ही क्ले ग्राउंडवर गेलो. मातीच्या तबकड्या हवेत उडवायच्या आणि टिपायच्या. बाकीचे लोक झकास दुनळी बंदुका घेऊन. दादा आपला एकेक काडतूस भरून, बोल्ट खटक-खटक करत. दहातल्या तीन लागल्या. एक गोरे आजोबा कौतुकाने बघून गेले. तिथे पाहुण्यालाही देखरेखीखाली बार काढता येतो. मी एकच काढला. तबकडी सुखरूप, माझा खांदा मात्र दोन दिवस दुखला.

मला २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवली. सीएसटीवर एके-४७ समोर आपल्या पोलिसांच्या हातात जुन्या थ्री नॉट थ्री होत्या. इथे जी चीज ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवते, ती तिथे कुणाची तरी ड्यूटी होती. दादाला हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, ‘‘म्हणूनच तर साफ करून ठेवतो गं.’’

कपाट रिकामं होतं तेव्हा

खरी गोष्ट मला वहिनीने सांगितली, भांडी आवरताना.

मागच्या हिवाळ्यात दादाची नोकरी गेली. दोन महिने धड झोप नाही, जेवण नाही. डॉक्टरकडे जायला हवं होतं. पण ऑगस्ट २०२१ मध्ये प्लिमथला एकाने शॉटगनने पाच जणांना मारलं. पोलिसांनी त्याची जप्त केलेली बंदूक महिनाभर आधीच परत केली होती. त्यानंतर नियम कडक झाले. आता डॉक्टरच्या माहितीशिवाय लायसन्स नाही. नाव रेकॉर्डवर खुणेसकट असतं, आणि डिप्रेशनची नोंद झाली तर डॉक्टर पोलिसांना कळवू शकतो.

म्हणजे खरं बोललं तर बंदूक जाणार. गप्प बसलं तर बंदूक राहणार, आजारही राहणार. तिथे अनेक जण याच भीतीने डॉक्टरची पायरी चढत नाहीत, असं दादाच्या क्लबातले लोक सांगतात.

‘‘तीन आठवडे तो टाळत होता,’’ वहिनी म्हणाली. ‘‘मला बंदुकीची भीती नव्हती वाटत. तिच्यासाठी तो गप्प बसेल, याची वाटत होती. शेवटी मी म्हटलं, मला ते कपाट रिकामं हवंय. एवढंच.’’

दादाने परवानाधारक डीलरकडे बंदूक ठेवायला दिली. पोलिसांना स्वतः कळवलं. मग डॉक्टरकडे गेला आणि सगळं सांगितलं. आठ महिने कपाट रिकामं होतं. औषधं, समुपदेशन, नवी नोकरी. मग डॉक्टरचं पत्र, पोलिस अधिकाऱ्याची घरी भेट. त्याने वहिनीशीही बोलून घेतलं. आणि मस्कट परत आली.

‘‘नसती आली तर?’’ मी दादाला विचारलं.

‘‘वाईट वाटलं असतं. पण झोप लागली असती.’’

मुंबईला परतल्यावर बाबांना फोटो दाखवले. त्यांनी शिक्का बघितला, बोल्ट बघितला, आजोबांचा फोटोही बघितला. मग म्हणाले, ‘‘अण्णा ड्यूटी संपली की ती ठाण्यात जमा करून यायचे. एक दिवस घरी आणली नाही. हा घरात कशाला ठेवतो?’’

मी तोच प्रश्न दादाला मेसेज केला. थोड्या वेळाने उत्तर आलं. ‘‘मामांना सांग, जमा करायची वेळ आली तेव्हा मीही केली होती.’’