सुई आणि तराजू

सुरतेचे लिंबायत व उधना हे भाग म्हणजे जणू खानदेशच. धुळे-जळगावकडची कितीतरी कुटुंबे यंत्रमागाच्या कामासाठी येथे येऊन स्थायिक झाली. माझी मावसबहीण अशाच एका घरात दिली आहे. दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे गेलो, तेव्हा तिच्या बाळाला नववा महिना पुरा होऊन गोवर-रुबेलाची लस द्यावयाची होती. ती घरी साड्यांना टिकल्या लावते. आरोग्य केंद्रात जायचे म्हणजे कामाचा खाडा. “कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्येच टोचून घेऊ,” ती म्हणाली. मलाही ते पटले.

दुकानदाराने मात्र मान हलवली. “बेन, आम्ही लस चिठ्ठीवर विकतो, टोचत नाही. केंद्रात फुकट मिळते.”

बुधवारी ‘ममता दिवस’ होता. नर्सबाईंनी सुई हाती घेण्याआधी बाळाचे वजन केले आणि ममता कार्डावरील आलेखात टिंब दिले. मागचे टिंब चौदाव्या आठवड्याचे होते. दोहोंना जोडणारी रेघ जवळजवळ आडवी! “खायला काय देता?” बाईंनी विचारले. “दूधच,” बहीण म्हणाली. सहा महिन्यांनंतर नुसत्या दुधावर बाळ वाढत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि मी पदवीच्या वर्गात असूनही मला ते ठाऊक नव्हते.

येथे एक गोष्ट ध्यानात येते. सरकारी वेळापत्रकात जन्मानंतर सहा, दहा व चौदा आठवड्यांना लसी आहेत. नंतर एकदम नवव्या महिन्यात. मधल्या सुमारे पावणेसहा महिन्यांत एकही सुई नाही, आणि वरचे अन्न सुरू करण्याचा काळ नेमका हाच! सुईच्या निमित्ताने मूल तराजूपर्यंत पोचते. सुई नसली की तराजूही राहून जातो.

अमेरिकेत ऑगस्ट 2020 मध्ये, करोनाच्या साथीत, 3 ते 18 वर्षांच्या मुलांना लस टोचण्याची मुभा औषधविक्रेत्यांना देण्यात आली. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने विरोध केला. लस टोचताना पालकांना नियमित तपासणीचे महत्त्व सांगावे, अशी अटही त्या आदेशात होती. दुकान जवळ असते, रात्रीपर्यंत उघडे असते. मजुरी बुडणाऱ्या आईला ही सोय लहान नव्हे. परंतु दुकानात वाढीचा आलेख नसतो. शिवाय लस 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये राहावी लागते. उन्हाने गोवराची लस निकामी होते, तर पंचगुणी लस गोठली की वाया जाते. बर्फाला चिकटवून पिशवीतून आणलेली लस म्हणूनच भरवशाची नसते.

तेव्हा लस कोठेही टोचा, पण कार्ड बरोबर न्या, वजन मांडून घ्या. सुईची पाळी नसेल त्या महिन्यात अंगणवाडीचा तराजू आहेच. बहिणीने त्याच संध्याकाळी बाळाला मऊ खिचडी भरवली. त्याने निम्मी अंगावर सांडली, निम्मी खाल्ली.