थांबण्याची ताकद

ऊस तोडला की त्यातली साखर तासागणिक घटत जाते. तोडलेला ऊस दारात ठेवून शेतकरी भावासाठी घासाघीस करीत बसू शकत नाही. म्हणून कारखाना ज्याचा, भावही त्याचाच, हे विठ्ठलराव विखे पाटलांच्या पिढीने ओळखले आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना सोबत घेऊन प्रवरानगरला शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना उभा केला. १९५० साली त्याची चाके फिरली. पुढचा इतिहास, त्यातल्या गुणदोषांसह, मराठी घरांना नव्याने सांगायला नको.

मला कुतूहल आहे ते द्राक्षाचे. द्राक्ष तर उसापेक्षाही नाजूक, आणि देशातली सर्वांत जास्त द्राक्षे पिकतात ती महाराष्ट्रात. मग साखर, दूध, सूत या साऱ्यांत सहकार रुजवणाऱ्या या राज्यात द्राक्षबागाइतदारांची सहकारी वाइनरी का रुजू नये?

खाण्याच्या द्राक्षाला निदान एक पळवाट असते. भाव पडला तर बेदाणा करता येतो. तासगाव-सांगलीकडचा बागाइतदार बेदाणा शीतगृहात ठेवतो आणि भाव बरा दिसला की सौद्याला काढतो. शीतगृहातली ती पेटी म्हणजे त्याची थांबण्याची ताकद. वाइनच्या द्राक्षाचे तसे नाही. काबर्ने, शिराझ यांसारख्या जातींचे मणी बारीक, साल जाड, पोटात बिया. हातगाडीवर त्यांना कुणी विचारत नाही आणि बेदाण्यालाही ती चालत नाहीत. गिऱ्हाईक एकच, वाइनरी. तिने पाठ फिरवली की पीक वेलीवरच वाळायचे.

हे आपल्याकडे घडून गेले आहे. २००१ साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया धोरण आखून वाइनला उत्पादन शुल्कात सवलत दिली. विंचूर आणि पलूसला वाइन पार्क झाले. नाशिक जिल्ह्यात वाइनऱ्या भराभर उभ्या राहिल्या आणि कित्येकांनी त्यांच्याशी करार करून वाइनच्या जाती लावल्या. मग २००८ साली जागतिक मंदी आली, नोव्हेंबरात मुंबईवर हल्ला झाला, पर्यटन आणि हॉटेले थंडावली. टाक्यांत जुनी वाइन तशीच पडून; नवी द्राक्षे घेणार कशात? कुणाचे पैसे अडकले, कुणाचा माल उचललाच गेला नाही. निफाड तालुक्यातल्या माझ्या एका आप्तांनी भरात आलेली बाग तोडून टाकली. ‘वेलीचं काही चुकलं नव्हतं,’ एवढेच ते म्हणाले.

असाच पेच शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दक्षिण फ्रान्समधल्या द्राक्षवाल्यांपुढे होता. तिथे बेझिए शहराजवळ मारोसाँ नावाचे खेडे आहे. गावातले छोटे शेतकरी वाइन घरीच करीत. पण साठवायला मोठी पिंपे नव्हती आणि हाताशी पैसाही नव्हता. हंगाम सरला की व्यापारी येई आणि म्हणेल तो भाव देई. १९०१ साली एली काताला यांच्या पुढाकाराने या मंडळींनी संघ काढला. त्याच्या नावाचा अर्थ ‘स्वतंत्र द्राक्षबागाइतदार’. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांनी आधी इमारत बांधली नाही. आधी गिऱ्हाईक शोधले. पॅरिसमधल्या कामगारांच्या ग्राहक संस्थांना ते दलालाशिवाय थेट वाइन विकू लागले. सामाईक वाइनरी उभी राहिली ती नंतर, १९०५ मध्ये. समाजवादी नेते जाँ जोरेस मुद्दाम तिथे जाऊन आले. तिच्या दर्शनी भिंतीवरच्या वचनाचा अर्थ आहे, ‘सर्व प्रत्येकासाठी, प्रत्येक सर्वांसाठी’. आपल्या ‘विना सहकार नाही उद्धार’चे हे थोरले भावंडच म्हणायचे.

१९०७ साली त्या प्रांतात वाइनच्या भावाची दैना होऊन लाखो लोक रस्त्यावर उतरले. नारबोनला गोळीबारात माणसे मेली. त्यानंतरच्या तीसेक वर्षांत फ्रान्समध्ये शेकडो सहकारी वाइनऱ्या निघाल्या. पुढे मात्र त्यांतल्या अनेकांनी सभासद आणील ते द्राक्ष घेऊन साधी, स्वस्त वाइन भरमसाट काढली. फ्रेंच माणूस तसली वाइन कमी पिऊ लागल्यावर त्या अडचणीत आल्या. वेली उपटण्यासाठी सरकारी अनुदान देण्याची पाळी आली, कित्येक संस्था बंद पडल्या किंवा एकमेकींत विलीन झाल्या. टिकल्या त्या बहुतांशी गुणवत्तेवर पैसे मोजणाऱ्या.

इथेच उसाचा धडा द्राक्षाला अपुरा पडतो. सगळ्यांचा ऊस गाळून साखर एकच होते. वाइनच्या टाकीत मात्र एका ट्रॉलीतले कुजके घड इतरांच्या मेहनतीवर पाणी फिरवतात. म्हणून सहकारी वाइनरीला आपल्याच सभासदाचे द्राक्ष नाकारता आले पाहिजे. आणि आपल्या गावात सभासद म्हणजे मतदार, भाऊबंद, क्वचित संचालकाचा मेहुणा!

दुसरी अडचण पैशाची. साखरेची पोती बँकेकडे तारण ठेवून पहिली उचल देता येते. चांगली लाल वाइन वर्षभर तरी मुरवावी लागते. स्टीलच्या टाक्या आणि त्या थंड ठेवणारी यंत्रे महागडी, पण त्यांची खरी धावपळ काढणीच्या तीन-चार महिन्यांत. तोवर शेतकऱ्याला एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, औषधे, मजुरी हे सारे रोखीने भागवावे लागते. थांबण्याची ताकद हवी असेल, तर थांबण्याचा खर्च कुणीतरी आधी उचललाच पाहिजे.

तिसरी गोष्ट घरातल्या वडीलधाऱ्यांना खटकणारी. वाइन ही शेवटी दारूच, असे मानणारी माणसे आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि दारूने उद्ध्वस्त झालेली घरे पाहिलेल्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी कडाडून विरोध केला. शेतकऱ्याच्या भल्याचे नाव पुढे करून बाटली घराघरांत शिरू नये, ही भीती रास्त आहे. मात्र वाइन तयार होतेच आहे आणि विकलीही जाते आहे. तिच्या कमाईत द्राक्ष पिकवणाऱ्याचा वाटा किती, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही.

माझ्या मते सुरुवात पायाभरणीच्या दगडाने आणि मंत्र्यांच्या हाराने होऊ नये. वीस-तीस बागाइतदारांनी एकत्र यावे, ठरावीक जाती लावाव्यात, फवारणीची वही एकसारखी ठेवावी. चालू असलेल्या वाइनरीतल्या टाक्या भाड्याने घ्याव्यात आणि थोडी वाइन स्वतःच्या नावाने विकून पाहावी. मारोसाँने तरी वेगळे काय केले? माल नाकारण्याचा नियम मात्र पहिल्याच सभेत, सर्वांच्या सह्यांनिशी लिहून ठेवावा. ज्या दिवशी अध्यक्षांच्या बागेतली ट्रॉली काट्यावरून परत जाईल आणि तरी गावात भांडण होणार नाही, त्या दिवशी वाइनरी खऱ्या अर्थाने सहकारी झाली, असे मी समजेन.