गुणवत्ता शेवटी तपासून येत नाही

आजचा विषय आहे औषधनिर्मितीतली गुणवत्तेची संस्कृती. शब्द जरा जड आहे, म्हणून एका साध्या हिशेबापासून सुरुवात करू.

समजा, इंजेक्शनच्या एका मोठ्या बॅचमध्ये शंभरातली एक कुपी जंतूंनी दूषित आहे. निर्जंतुकतेच्या चाचणीसाठी आपण २० कुप्या घेतल्या. त्यांत एखादी दूषित कुपी येण्याची शक्यता किती? जेमतेम १८ टक्के. म्हणजे पाचातल्या चार वेळा ही बॅच ‘पास’ होऊन बाजारात जाईल. मग सगळ्याच कुप्या का तपासत नाही? कारण तपासायला कुपी फोडावी लागते. सगळ्या फोडल्या तर रुग्णाला काय देणार?

म्हणून गुणवत्ता आधीपासून, पायरीपायरीने घडवावी लागते. ती कुठे निसटते, याची दोन उदाहरणं बघू. दोन्हींत विष एकच आहे, डायएथिलीन ग्लायकॉल. दिसायला ग्लिसरीनसारखं घट्ट, चवीला गोडसर; पण मूत्रपिंडं निकामी करतं.

पहिलं उदाहरण अमेरिकेतलं, १९३७ सालचं. सल्फानिलामाइड हे औषध पातळ स्वरूपात द्यायचं म्हणून ते चक्क याच द्रवात विरघळवलं. चव पाहिली, रंग पाहिला, वास पाहिला. विषारीपणा तपासलाच नाही! शंभराहून अधिक माणसं गेली. ही चूक औषध विकसित करतानाची. दुसरं आपल्या मुंबईतलं. १९८६ साली जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिल्यावर १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये हेच विष होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने या प्रकरणाची चौकशी केली. इथे चूक मालाच्या साखळीतली.

हे विष ओळखायची चाचणी माहीत नाही, असं आज कोणी म्हणू शकत नाही. तरीही २०२२मध्ये गांबियात मुलांच्या सिरपमध्ये ते सापडलं. मग अडतं कुठे?

कल्पना करा. रात्रपाळी आहे. ऑपरेटरच्या लक्षात येतं, ड्रायरचं तापमान दहा मिनिटं मर्यादेबाहेर होतं. लिहिलं तर डेव्हिएशन उघडणार, बॅच अडकणार, सकाळी साहेब ओरडणार. नाही लिहिलं तर कोणाला पत्ताही लागणार नाही. तो काय करेल? एसओपीत उत्तर स्पष्ट आहे. पण तो एसओपी आठवत नाही. मागच्या वेळी ज्याने खरं लिहिलं त्याचं काय झालं, ते आठवतो.

संस्कृती म्हणजे एवढंच. डिसेंबर २०२३च्या सुधारित शेड्यूल एममध्ये गुणवत्ता प्रणाली आणि जोखीम व्यवस्थापन आलं, ते आवश्यकच होतं. पण कायदा रजिस्टर ठेवायला लावेल. त्यात खरं लिहायचं धाडस तो देऊ शकत नाही. ते वरच्यांच्या वागण्यातून येतं. चूक कळल्यावर साहेबांचा पहिला प्रश्न ‘कोणी केलं?’ असतो की ‘कसं झालं?’ डिस्पॅचची घाई असताना क्यूएने बॅच थांबवली, तर व्यवस्थापन कोणाच्या पाठीशी उभं राहतं? कच्च्या मालाचं पिंप आलं की पुरवठादाराचा कागद फाइलला लावून मोकळे होतात, की नमुना काढून तपासतात?

तुम्ही कारखान्यात असाल तर उद्या एवढंच करा: गेल्या सहा महिन्यांचे डेव्हिएशन काढून बघा. एकही नसेल तर खुश होऊ नका. तिथे चुका होत नाहीत असं नव्हे, बहुधा त्या लिहिल्या जात नाहीत.

इथे थांबतो.