लोकगायकाची नाममुद्रा

चेन्नई शहराच्या दक्षिणेस पेरुंगुडी नावाचा जो भाग आहे, त्याच्या एका अंगास संगणक-व्यवसायाच्या काचेच्या इमारतींची रांग आहे, तर दुसऱ्या अंगास पल्लिकरणैच्या दलदलीत कित्येक दशके शहराचा कचरा साचत गेला. त्याच रस्त्याने पुढे गेले की कण्णगी नगर, सेम्मंचेरी, पेरुंबाक्कम या पुनर्वसन-वसाहती लागतात. शहराच्या मध्यभागी नदीनाल्यांच्या काठी असलेल्या झोपड्या उठवून तेथील माणसे गेल्या पंचवीसएक वर्षांत येथे आणून वसविण्यात आली. माणसे आली तशी त्यांची गाणीही आली. तमिळमध्ये या गाण्यांना 'गाना' असेच म्हणतात. शब्द उघडच हिंदुस्थानी वळणाचा आहे, मात्र गाणे अस्सल मद्रासी आहे. उत्तर चेन्नईतील बंदरावरचे हमाल, रिक्षावाले, सफाई कामगार यांच्या, म्हणजे बव्हंशी दलितांच्या, वस्त्यांत ते वाढले. घरी कोणी गेले की रात्रभर प्रेताशेजारी बसून मृताचे गुण, त्याच्या खोड्या आणि त्याचे कष्ट गाण्यात गुंफायचे, हे त्याचे मूळचे काम. वाद्य मिळाले तर मिळाले, नाहीतर काड्यापेटीवरही ताल धरता येतो.

हे गाणे १९९० नंतरच्या दशकात संगीतकार देवा यांनी चित्रपटात नेले व ते घराघरांत पोहोचले. पुढे २०१२ च्या 'अट्टकत्ती' या चित्रपटापासून गाना बाला यांचे नाव झाले. २०१७-१८ च्या सुमारास दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने 'कास्टलेस कलेक्टिव्ह' हा वाद्यवृंद निघाला. त्यातील इसैवाणी ही, पुरुषांच्या मानल्या गेलेल्या या प्रकारात स्त्रीचा आवाज आणणारी गायिका, २०२० साली बी.बी.सी.च्या शंभर स्त्रियांच्या यादीत आली. ही प्रगती लहान नाही. तथापि या सगळ्या प्रवासात एक प्रश्न मागे राहिला. चित्रपटापूर्वीची पाचसहा दशके जे गायक मयताच्या मांडवात गात राहिले, त्यांची नावे किती जणांस सांगता येतील? आणि हा प्रश्न केवळ जुन्यांपुरताच नाही. २०२१ साली 'एन्जॉय एन्जामी' हे गाणे जगभर गाजले. त्याचा गीतकार व गायक अरिवु याच वाद्यवृंदातला. चहाच्या मळ्यात राबलेल्या आपल्या आजीच्या आठवणींतून त्याने शब्द घडविले होते. त्याच वर्षी एका संगीतविषयक नियतकालिकाने त्या गाण्याच्या यशाचा गौरव मुखपृष्ठावर केला, तेव्हा त्या मुखपृष्ठावर अरिवु नव्हता. ओरड झाल्यावर चूक दुरुस्त करण्यात आली.

गाणे सर्वांचे झाले की गाणारा कोणाचाच राहत नाही, या व्यवहाराचे सर्वांत स्पष्ट चित्र जमैका बेटावरच्या रेगे संगीतात दिसते. २०१८ साली युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. म्हणजे प्रकाराला मान्यता मिळाली. परंतु जगाच्या लेखी त्या प्रकाराचा अर्थ १९८१ साली वारलेला बॉब मार्ली हा एकच माणूस असा झाला आहे. ट्रेंचटाउनच्या अंगणात मार्ली व त्याच्या सोबत्यांना सुरांचा मेळ कसा साधावा हे ज्याने शिकविले, तो जो हिग्ज १९९९ साली निवर्तला. त्याचे नाव अभ्यासकांच्या बाहेर फारसे गेलेले नाही. आल्टन एलिसचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. १९६७ च्या सुमारास त्याने एक प्रेमगीत गायिले. दहा वर्षांनी त्याच गाण्याचा वाद्यमेळ घेऊन त्यावर दुसऱ्यांनी नवे शब्द चढविले. त्यातून आल्थिया व डॉना या दोन शाळकरी वयाच्या मुलींचे गाणे तयार झाले आणि ते १९७८ च्या आरंभी इंग्लंडमध्ये विक्रीच्या अग्रस्थानी पोहोचले. पुढच्या शतकात शॉन पॉलने तेच मूळ गीत पुन्हा जगप्रसिद्ध केले. एलिस या साऱ्या काळात हयात होता. तो २००८ साली लंडनमध्ये वारला. तेथील ध्वनिमुद्रणगृहांची रीतच अशी होती की गायकाने गाण्याचा एकरकमी मोबदला घ्यावा आणि वाद्यमेळ निर्मात्याच्या मालकीचा व्हावा. या वाद्यमेळाला तेथे 'रिडिम' म्हणतात. एका रिडिमवर शेकडो गाणी रचली जातात व त्यात कोणास चोरी वाटत नाही. कलेच्या दृष्टीने ती चोरी नव्हेच. अन्याय आहे तो हिशोबाच्या वहीत.

मराठी वाचकाला हे सर्व ऐकून वामनदादा कर्डकांची आठवण व्हावी, अशी अपेक्षा करणे चूक नाही. वामनदादांचा जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा, नाशिक जिल्ह्यात सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावचा. मुंबईत गिरणीपासून कोळशाच्या वखारीपर्यंत मिळेल ते काम त्यांनी केले. कोणी एकाने पत्र वाचून दाखवावयास सांगितले, ते वाचता येईना, त्या लाजेतून ऐन तारुण्यात ते अक्षरे शिकले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९४३ साली एका हिंदी चित्रपटगीताच्या चालीवर त्यांनी पहिले गीत रचले आणि तेव्हापासून १५ मे २००४ रोजी नाशिकला देह ठेवीपर्यंत ते रचीत व गात राहिले. त्यांच्या गीतांची संख्या हजारांत मोजावी लागते. 'वाटचाल', 'मोहळ' यांसारखे संग्रह निघाले खरे. पण सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी नागपूरला दीक्षाभूमीवर जमणाऱ्या समुदायाने ती पुस्तकातून वाचलेली नाहीत. त्या समुदायात ती तोंडपाठ आहेत.

मराठी समीक्षेने या कवीशी जो व्यवहार केला, तो मात्र विलक्षण संकोचाचा आहे. दलित साहित्याचा इतिहास लिहिताना १९५८ चे मुंबईतील पहिले संमेलन, मग १९७२ चा 'गोलपिठा' व त्याच वर्षीची दलित पँथर, अशी पावले मोजली जातात. या पावलांखालची जमीन कोणी नांगरली, याचा उल्लेख एखाद्या परिच्छेदात उरकला जातो. भीमराव कर्डकांचे जलसे १९३० नंतरच्या दशकात गावोगावी फिरत होते. जेथे वर्तमानपत्र पोहोचत नव्हते व पोहोचले तरी वाचणारा नव्हता, तेथे आंबेडकरांचा विचार याच जलशांनी नेला. म्हणजे छापील कवितेपूर्वी निदान तीन दशके एक सबंध काव्यपरंपरा उभी होती. ती वाङ्मयाच्या इतिहासात न जाता 'प्रबोधनाच्या' खात्यात जमा झाली. साहित्य अकादेमीच्या मराठी पुरस्कारांच्या यादीत वामनदादांचे नाव नाही. केवळ पुरस्कारावरून कवीची थोरवी ठरवू नये हे खरे. पण यादी ही एका काळाच्या कानांची साक्ष असते आणि त्या कानांना गायिलेले शब्द फारसे ऐकू येत नव्हते एवढे तिच्यावरून दिसते.

संकोचाचे कारण म्हणून चालीचा मुद्दा नेहमी पुढे केला जातो: चाल उसनी, तेव्हा गीतही दुय्यम. हा आक्षेप मराठीतच यावा याचे आश्चर्य वाटते. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणले, तेव्हा साकी-दिंडीसारखी कीर्तनातली वृत्ते आणि प्रचारातल्या चाली यांवरच पदे उभी होती. त्या उसनवारीने नाट्यपदांची प्रतिष्ठा तसूभर कमी झाली नाही. उलट दिशेचेही उदाहरण आहे. तंजावरच्या मराठी कीर्तनातील साकी, दिंडी, ओवी, अभंग यांच्या चाली तमिळ हरिकथेने घेतल्या. तंजावूर कृष्ण भागवतरांनी गेल्या नव्हे, त्याच्याही आधीच्या शतकात त्या अशा रुजविल्या की आज त्या तेथल्याच वाटतात. मग चित्रपटाच्या चालीवर रचलेले भीमगीतच तेवढे भ्रष्ट कसे? ज्या श्रोत्याला नवी चाल शिकण्याची उसंत नाही, त्याला ठाऊक असलेल्या चालीत अनोळखी विचार घालून देणे ही रचनेची निवड आहे. जमैकाच्या गायकाला रिडिमबद्दल कोणी असा जाब विचारीत नाही.

एका बाबतीत मात्र मराठी गायक जमैकाच्या गायकापेक्षा सुदैवी आहे. आमच्याकडे नाममुद्रेची परंपरा आहे. तुकोबांपासून शाहिरांपर्यंत कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गोवतो आणि वामनदादांनीही आपल्या गीतांत 'वामन' गोवला. ही निरक्षर समाजातील स्वामित्वाची नोंद होय. दहा तोंडांतून गीत गेले, शब्द पालटले, तरी कर्ता टिकतो. अर्थात शेवटचे कडवे गायिले गेले तरच! मुद्रेचे कडवे गाळले की गीत अनाथ होते. शिवाय मुद्रेने नाव टिकते, पोट भरत नाही. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात गायक-वादकांचे हक्क १९९४ च्या दुरुस्तीने प्रथम मान्य झाले आणि चित्रपटासाठी किंवा ध्वनिमुद्रणासाठी लिहिणाऱ्या गीतकाराला मानधनाचा वाटा कोणासही लिहून देता येणार नाही अशी तरतूद व्हायला २०१२ साल उजाडले. वामनदादांना जाऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती.

ध्वनिफितीच्या बाजाराने गायकाची निवडही आपल्या सोयीने केली. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज महाराष्ट्रात कोणी ऐकला नाही असे होणार नाही. पण तो आवाज पंढरीच्या भक्तिगीतांचा म्हणून ओळखला जातो आणि भीमगीते गाणारे शिंदे त्यामागे झाकले जातात. विठ्ठल उमपांनी लोककलेच्या जवळजवळ प्रत्येक प्रकारास हात घातला. त्यांचा अंत २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर, मंचावरच झाला. विलास घोगरे यांची कथा याहून कठोर आहे. 'हमारा शहर' या आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या माहितीपटात त्यांचे गाणे आहे. जुलै १९९७ मध्ये घाटकोपरच्या रमाबाई नगरात गोळीबारात दहा माणसे मारली गेली आणि काही दिवसांतच घोगरे यांनी गळफास लावून घेतला. पटवर्धनांनी पुढे चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' पुरा केला व या गायकाला चरित्र मिळाले, तेही ग्रंथरूपाने नव्हे.

अनुवादकाला येथे एक व्यावहारिक अडचण येते. भाषांतरासाठी संहिता लागते आणि गायिलेल्या गीताला एकच एक संहिता नसते. गाना गायक मृताप्रमाणे शब्द बदलतो; भीमगीत सभेप्रमाणे लांबते किंवा आखडते. छापील पाठ हा त्यांपैकी एका रात्रीचा पाठ असतो. म्हणून अनुवादक सोपा मार्ग धरतो: जे पुस्तकात आहे तेच उचलतो, आणि इंग्रजीतून परक्या वाचकापुढे दलित काव्य जाते ते बहुधा मुक्तच्छंदाचेच. तमिळ वाचकाला वामनदादा आणि मराठी वाचकाला गाना ठाऊक नसावा, याचे एक कारण हेच. वास्तविक या दोन भाषांच्या दरम्यान इंग्रजीची मध्यस्थी नसती, तर उत्तर चेन्नईतील मृत्युगीत आणि नाशिककडचा जलसा एकमेकांस चटकन ओळखते.

या अडचणीवर मार्ग नाही असे नाही, आणि तो मराठीतच काढला गेला आहे. हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. ओवीबरोबर गाणाऱ्या बाईचे नाव आणि तिचे गाव टिपायचे, आणि शक्य तेथे तिचा आवाजही ठेवायचा. या संग्रहात बाबासाहेबांवरच्याही ओव्या आहेत. माजलगावच्या भीमनगर वस्तीतल्या बायांकडून १९९६ साली त्या मिळाल्या. ज्या प्रकाराला शतकानुशतके अनामिक म्हटले गेले, त्यातही प्रत्येक गळ्याला नाव होते, फक्त ते कोणी विचारले नव्हते. औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर भीमगीते गात वस्त्यांतून फिरत होत्या. भ्रमणध्वनीवरील चित्रफितींनी त्या महाराष्ट्रास ठाऊक झाल्या. गात मात्र त्या त्याच्या कितीतरी आधीपासून होत्या.